आधी कलम बघा : चोरीच्या खटल्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरकामाला येणाऱ्या बाईंनी पत्नीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या नेल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या आहेत. आता त्या बाईंच्या घरचे गयावया करताहेत, आम्हालाही प्रकरण ताणायचं नाही. मी दिलेली तक्रार मागे घेता येईल का? आणि खटला संपेपर्यंत पाटल्या पोलिसांकडेच राहणार का? (कोथरूड)

पाटल्यांसाठी खटला संपायची वाट बघू नका. तुमच्या पोलीस ठाण्याची प्रकरणं शिवाजीनगर न्यायालयात ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतात, तिथे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं 497 आणि 503 त्यासाठीच आहेत. सोबत एफआयआर, जप्ती पंचनामा, ओळखपत्र आणि खरेदीची पावती यांच्या प्रती जोडा. जुन्या दागिन्याची पावती बहुधा नसतेच. मग पत्नीचं प्रतिज्ञापत्र आणि पाटल्या स्पष्ट दिसतील असे लग्नकार्यातले फोटो द्या. अर्जावर सरकारी वकील आणि तपासी अंमलदार यांचं म्हणणं मागवलं जातं. दिरंगाई होते ती इथे, त्यामुळे तारखेच्या आधी ठाण्यात जाऊन ते दाखल होतंय ना, याचा पाठपुरावा करा. आदेश झाला की बंधपत्र लिहून द्यावं लागतं : दागिना विकणार नाही, मोडणार नाही, न्यायालय सांगेल तेव्हा हजर करीन. ही अट खरोखर पाळा. पाटल्या मोडून नवा घाट केला, तर बंधपत्राचा भंग होतो आणि खटल्यातला पुरावाही बिघडतो.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा वजनावर. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आजचा व्यवहारातला 10 ग्रॅमचा. फिर्यादीत ‘चार तोळे’ आणि पंचनाम्यात 46 ग्रॅम असं आलं, तर हाच तो दागिना कशावरून, असा प्रश्न निघतोच. म्हणून फिर्याद देतानाच वजन ग्रॅममध्ये, नक्षी, पेच, सराफाचा शिक्का, झिजलेली जागा, सगळं लिहून घ्यावं. सोनं आटवून लगड झाली असेल, तर ओळखायला काही उरत नाही. तिथे दागिना ज्याने घेतला त्या सराफाचा जबाब हाच दुवा.

आता तडजोड. गुन्हा नोंदला की खटला सरकार चालवतं, त्यामुळे ‘तक्रार मागे घेणं’ असं काही नसतं. कायद्यात आहे ते गुन्हा आपसात मिटवणं, आणि ते कलमावर अवलंबून आहे. साधी चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम 303(2), मालमत्तेच्या मालकाला मिटवता येते. नोकराने केलेली चोरी, कलम 306, न्यायालयाच्या परवानगीने मिटते. राहत्या घरातली चोरी, कलम 305, मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाहीच. तुमच्या प्रकरणात फक्त 306 आहे की 305 सुद्धा, हे एफआयआरवर आजच बघा. 305 असेल तर संमतीने गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. 1 जुलै 2024 पूर्वीची चोरी असेल, तर भारतीय दंड संहितेची जुनी 379, 380, 381 ही कलमं लागतात.

आणखी एक. फिर्यादी तुम्ही असलात तरी पाटल्या पत्नीच्या आहेत. तडजोडीच्या पुरसीसवर, म्हणजे न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर, सही मालकिणीची हवी. मंजुरी मिळाली की बाई निर्दोष सुटतात, तो गुन्हा पुन्हा उकरता येत नाही.

प्रश्न : स्वारगेटजवळून दुचाकी चोरीला गेली. काही महिन्यांनी कळलं की पोलिसांनी ‘अ समरी’ पाठवली. म्हणजे फाइल बंद? (पर्वती)

समरी म्हणजे तपास थांबवताना पोलीस न्यायालयाला पाठवतात तो अहवाल. ‘अ समरी’ म्हणजे चोरी खरी, पण चोर सापडला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा खरी-खोटी ठरवता न आलेली. तिन्हींत पुष्कळ फरक आहे, म्हणून अक्षर नीट वाचा. अहवालावर तुम्हाला म्हणणं मांडता येतं : एखादं सीसीटीव्ही चित्रण तपासलंच नसेल तर तसं लेखी द्या आणि अधिक तपासाचा आदेश मागा. गाडी पुढे सापडली तर तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. विम्यासाठी मात्र हाच अहवाल लागतो, त्याची प्रत घ्या. दोन्ही किल्ल्या जपून ठेवा. एफआयआर तातडीने दिला असेल, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे.

प्रश्न : भाचा 19 वर्षांचा. पीएमपी बसमध्ये एका तरुणाचा मोबाइल काढताना पकडला गेला. पहिलीच वेळ. गुन्हा कबूल करून लगेच मोकळं व्हावं का? (हडपसर)

घाईने कबुली देऊ नका. बसमधली चोरी आता कलम 305 खाली येते : 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात ही साधी चोरी धरली जाई आणि मोबाइलवाल्याशी मिटवता येई, आता नाही. कबुलीने खटला संपतो, पण दोषसिद्धी कायमची नोंदली जाते.

त्याच्यासाठी खरा आधार 1958 चा अपराधी परिवीक्षा कायदा. परिवीक्षा म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मोकळं सोडणं. आरोपी 21 वर्षांखालचा असेल, तर कलम 6 प्रमाणे न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राचा विचार करायचा असतो, आणि तुरुंगातच पाठवायचं तर कारणं लिहावी लागतात. हे वय गुन्ह्याच्या दिवशीचं नव्हे, खालचं न्यायालय निकाल देतं त्या दिवशीचं धरलं जातं. तारखा चुकवत दोन वर्षं घालवली, तर हे कलम हातचं जाईल. मग कलम 4 उरतं, पण ते न्यायालयाच्या मर्जीवर.

दुसरा मार्ग शिक्षेच्या वाटाघाटीचा (प्ली बार्गेनिंग), म्हणजे गुन्हा मान्य करून कमी शिक्षा ठरवून घेण्याचा. आरोप निश्चित झाल्यापासून 30 दिवसांत स्वतःच्या इच्छेचं प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज द्यायचा. न्यायालय आरोपीला बंद दाराआड विचारतं, मग मोबाइलवाल्याच्या भरपाईसह तोडगा ठरवायला 60 दिवस मिळतात. पहिल्याच गुन्ह्यात शिक्षा कमाल शिक्षेच्या एक षष्ठांशापर्यंत खाली येऊ शकते आणि परिवीक्षेचाही विचार होतो. मोबाइल एखाद्या स्त्रीचा किंवा बालकाचा असता तर हा मार्ग बंद होता.

वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतल्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक 15100.

प्रश्न : दुकानाच्या गल्ल्यातून 4,000 रुपये गेले. पोलिसांनी नुसती ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. बरोबर आहे का? (भवानी पेठ)

दुकानात माल साठवत असाल तर नाही. नव्या कायद्यात 5,000 रुपयांखालची साधी चोरी अदखलपात्र आहे. तिचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस करू शकत नाहीत. पण राहण्यासाठी किंवा माल ठेवण्यासाठी वापरात असलेल्या इमारतीतली चोरी कलम 305 मध्ये मोडते, आणि तिथे रकमेची अट नाही. हा मुद्दा लेखी अर्जात मांडा. ठाण्याने तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर पोलिसांच्या वरिष्ठांकडे, आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.