तेमितॉपे, तुंदे आणि जापा : योरुबा शब्दांचे अर्थ कुठे शोधावेत?

एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या कार्यालयात लागोसच्या तेमितॉपे नावाच्या सहकारी आहेत. बोलीशब्दांच्या एका ऑनलाइन कोशात या नावाचा अर्थ ‘देखणी, निष्ठावान आणि सर्वांना आवडणारी मुलगी’ असा दिला आहे, तर त्याच कोशात ‘जापा’ म्हणजे ‘देश सोडून निघून जाणे’ अशीही नोंद आहे. या दोन्ही अर्थांवर विश्वास ठेवावा काय?

‘जापा’वर ठेवावा, तेमितॉपेवर ठेवू नये. अशा कोशांत कोणालाही नोंद करता येते आणि व्यक्तिनावांखाली बहुधा त्या नावाच्या मैत्रिणीचे किंवा मित्राचे कौतुक लिहिलेले असते. ते वाचायला गोड असले तरी तो नावाचा अर्थ नव्हे. नैऋत्य नायजेरियातील योरुबा समाजात नाव म्हणजे बहुतेक वेळा एक लहानसे वाक्यच असते. ‘तेमि’ म्हणजे माझे, ‘तॉ’ म्हणजे पुरेसे किंवा योग्य आणि ‘ऑपे’ म्हणजे आभार. तेव्हा तेमितॉपे याचा अर्थ ‘मला जे मिळाले ते आभार मानण्याजोगे आहे’ असा होतो. यात मुलीच्या रूपाचा वा स्वभावाचा काही संबंध नाही, बोलणारे आईवडील आहेत. हे नाव मुलग्यांनाही ठेवतात, त्यामुळे ‘मुलगी’ हा त्या नोंदीतला भागही टिकत नाही.

नाव ठरवण्यापूर्वी घराकडे पाहावे, अशा आशयाची योरुबा म्हण आहे आणि आठव्या दिवशीच्या नामकरणात ती खरोखर पाळली जाते. आजोबांच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलाला बाबातुंदे, म्हणजे ‘वडील पुन्हा आले’, असे नाव देतात. आजीनंतर जन्मलेल्या मुलीला येतुंदे. रोजच्या बोलण्यात बाबातुंदेचे नुसते ‘तुंदे’ उरते, पण आयोतुंदे (आनंद पुन्हा आला) आणि ऑलातुंदे (मान किंवा वैभव पुन्हा आले) यांचेही तुंदेच होते. म्हणून एकट्या ‘तुंदे’चा अर्थ विचारण्यापेक्षा पूर्ण नाव विचारणे बरे.

काही नावे मात्र मूल जन्मतःच घेऊन येते, असे मानतात. जुळ्यांपैकी आधी जन्मणारा तायवो आणि मागून येणारा केहिंदे. तरीही केहिंदेच थोरला समजला जातो, कारण जग कसे आहे हे चाखून पाहायला त्यानेच तायवोला पुढे पाठवले, अशी श्रद्धा आहे. जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेले मूल इदोवू, त्याच्यानंतरचे आलाबा. पालथे जन्मलेले मूल आजायी. योरुबा भाषेचा शब्दसंग्रह 1843 मध्ये प्रसिद्ध करणारे आणि 1864 मध्ये बिशप झालेले सॅम्युएल आजायी क्राउदर यांच्या नावात ही जन्मकथा आजही वाचता येते.

मुले जगत नसलेल्या घरांतील नावे मला सर्वांत जास्त हलवून जातात. वारंवार जन्मून मरणाऱ्या मुलाला योरुबा लोक ‘आबिकू’ म्हणतात आणि त्याला ‘मालॉमॉ’ (पुन्हा जाऊ नकोस), ‘दुरोजाये’ (थांब, जगण्याचा आनंद घे) किंवा ‘बांजोको’ (माझ्याजवळ बैस) अशी नावे देतात. 1993 च्या अध्यक्षीय निवडणुकीतील विजय ज्यांच्या हाती लागू दिला गेला नाही, ते मोशूद काशिमावो ऑलावाले आबिओला हे वडिलांचे तेविसावे अपत्य होते आणि लहानपणी वाचलेले पहिलेच. म्हणून ‘काशिमावो’, म्हणजे ‘थांबून पाहू या’. आपल्याकडेही याच भीतीपोटी धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवत आले, पण रीत वेगळी आहे. मराठी आईबाप मुलाला नकोसे भासवून मृत्यूची नजर चुकवतात, तर योरुबा आईबाप सरळ मुलालाच विनवतात.

बोलीशब्दांचे गणित उलटे आहे. त्यांचा अर्थ घटकांत सापडण्यापेक्षा वापरात सापडतो आणि तिथे सामान्य बोलणाऱ्यांनी केलेली नोंद खरोखर उपयोगी पडते. ‘जापा’ हा मुळात निसटणे, पळ काढणे या अर्थाचा योरुबा शब्द; गेल्या काही वर्षांत ब्रिटन, कॅनडाकडे निघालेल्या तरुणांच्या स्थलांतरासाठी तो नायजेरियाच्या इंग्रजीत रूढ झाला आणि आता ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशातही आला आहे. त्यावरून ‘जापादा’ हा नवा शब्दही घडवला गेला. ‘पादा’ म्हणजे परतणे, म्हणून जापादा म्हणजे गेलेल्याने मायदेशी परत येणे.

लिहिण्याबद्दल एक सूचना करावीशी वाटते. योरुबा ही सुरांची भाषा आहे. ‘ऑकॉ’ हाच उच्चार सुरांच्या फरकाने नवरा, कुदळ किंवा वाहन होतो. शिवाय रोमन लिपीत अक्षरांखालचे टिंब बहुधा गाळले जाते, त्यामुळे ‘श’चा ‘स’ वाचला जातो. इबादानला 1959 साली जन्मलेल्या गायिका हेलन फॉलाशादे आडू यांचे ‘शादे’ हे नाव यामुळेच अनेकदा चुकीचे उच्चारले जाते. ‘फॉलाशादे’ म्हणजे ‘मानालाच मुकुट करणारी’. टिंब असलेला ‘ओ’ देवनागरीत ‘ऑ’ने बऱ्यापैकी दाखवता येतो, म्हणून आपल्या सहकाऱ्यांचे नाव ‘तेमिटोप’ असे न लिहिता ‘तेमितॉपे’ असे लिहावे आणि शेवटचा ‘पे’ स्पष्ट उच्चारावा. घरी त्यांना ‘तेमि’ म्हणतात की ‘तॉपे’, हे मात्र त्यांनाच विचारावे लागेल, कारण दोन्ही लघुरूपे सारखीच प्रचलित आहेत.