जुनी विलीज जीप हाती आलीय? आधी एवढं करा

अभिनंदन! पण पाना उचलण्याआधी गाडीचे फोटो काढा, प्रत्येक वायरचे आणि ब्रॅकेटचे. पहिल्याच आठवड्यात सगळी गाडी खोलून बसणं ही नव्यांची नेहमीची चूक. मग डबाभर नटबोल्ट उरतात आणि उत्साह संपतो. एका वेळी एकच काम घ्या, सुरुवात ब्रेकपासून. इंजिन नंतर.

दोन धोके लक्षात ठेवा:

- पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती काढल्याशिवाय जवळपास वेल्डिंग नको.
- दुसऱ्या महायुद्धातली, नट-बोल्टने जोडलेल्या दोन भागांची चाकाची रिम असेल तर हवा पूर्ण काढल्याशिवाय तिचे नट सैल करू नका. जीव जाऊ शकतो.

युद्धकाळातल्या जीपचं मूळ वायरिंग ६ व्होल्टचं आहे. १२ची बॅटरी तशीच जोडली की बल्ब उडतात.

आणि रंग घासायची घाई अजिबात नको! बॉनेटवरच्या थरांखाली जुना लष्करी क्रमांक सापडू शकतो. बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून, हळूहळू उतरवा. बोल्टच्या डोक्यावर ‘एफ’ दिसला तर तो फोर्डचा. १९४१ ते ४५ दरम्यान फोर्डनेही याच जीपा बनवल्या. असे बोल्ट फेकू नका. आधीच्या मालकाकडून गाडीची हकिगतही लिहून घ्या, तीही गाडीचाच भाग आहे.

कार्बोरेटरचं पुढे बोलू. आधी ब्रेक लागू द्यात.