टेरर लेकोटा यांच्याविषयी, पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका तरुण सदस्येस

प्रिय चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लावले, ते मुद्दाम. पंचायत समितीवर निवडून येऊन तुला वर्षही झालेले नाही आणि तेवढ्यात आपल्याच पक्षाच्या एका ज्येष्ठ सदस्याने नळयोजनेच्या बिलांत घोळ केल्याचा तुला संशय आला आहे. बोलले तर पक्षातून जाईन, गप्प बसले तर स्वतःच्याच नजरेतून उतरेन, असे तू लिहिले आहेस. अशा वेळी जवळपासची उदाहरणे दिली की माणूस नावे आणि जाती मोजू लागतो. म्हणून मी तुला दूरच्या माणसाविषयी लिहितो. दक्षिण आफ्रिकेतील फ्री स्टेट प्रांताचे पहिले प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, मोसिउआ ‘टेरर’ लेकोटा यांच्या आयुष्यात तुझा प्रश्न एकदा नव्हे, तीनदा उभा राहिला आणि तिन्ही वेळा त्यांनी त्याला वेगळे उत्तर दिले.

त्यांचा जन्म १९४८ सालचा, म्हणजे ज्या वर्षी तेथे नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारचे अधिकृत धोरण झाले त्याच वर्षीचा. ‘टेरर’ हे टोपणनाव फुटबॉलच्या मैदानावरचे, कारण प्रतिस्पर्ध्याला त्यांच्या खेळाची धास्ती वाटत असे. पुढे सरकारने त्यांच्यावर दहशतवादविरोधी कायदाच लावला, तेव्हा त्या नावाला नको तो अर्थ चिकटला. टर्फलूपच्या विद्यापीठातून १९७२ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. मोझांबिकमधील स्वातंत्र्यलढ्याच्या यशानिमित्त १९७४ मध्ये काढलेल्या सभांवरून नऊ विद्यार्थी कार्यकर्त्यांवर खटला झाला, त्यांत लेकोटा होते आणि सॅथ्स कूपर व स्ट्रिनी मूडली हे भारतीय वंशाचे दोघेही होते. कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानासाठी उभ्या राहिलेल्या कृष्ण-जागृती चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांनी त्या खटल्यात बचाव पक्षाच्या बाजूने साक्ष दिली. लेकोटांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात झाली.

पहिला प्रसंग या बेटावरचा. बिकोंच्या कृष्ण-जागृती चळवळीतून आलेल्या लेकोटांनी तुरुंगात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये, म्हणजे मंडेलांच्या पक्षात, जाण्याचे जाहीर केले, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींनी बागकामाचा लोखंडी काटा त्यांच्या डोक्यात घातला. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले. त्यांनी हल्लेखोरांवर खटला भरला. मंडेलांसह बेटावरील वडीलधाऱ्यांनी लेकोटांना सल्ला दिला की तक्रार करू नकोस, कैद्यांमधील फूट हीच सरकारला हवी आहे. लेकोटांनी साक्ष देण्यास नकार दिला आणि खटला बारगळला. मंडेलांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की त्यानंतर त्या चळवळीतील अनेक तरुण आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये आले आणि त्यांत हल्ल्याचा बेत आखणारे काहीजणही होते. ‘पक्षासाठी गप्प बस’ म्हणणारे तुझे काका-मामा नेमक्या अशाच गोष्टी तुला सांगतील आणि त्या खऱ्याही असतील. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेव. तो घाव लेकोटांच्या स्वतःच्या डोक्यावर होता, म्हणून तो माफ करण्याचा अधिकार त्यांना होता. नळयोजनेचे पैसे तुझे नाहीत.

सुटका झाल्यावर ते १९८३ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट या वर्णभेदविरोधी आघाडीचे प्रसिद्धी सचिव झाले आणि १९८५ मध्ये पुन्हा पकडले गेले. डेल्मासचा राजद्रोह खटला तो हाच. बावीस आरोपी, तीन वर्षे सुनावणी, आणि शेवटी लेकोटांना बारा वर्षांची शिक्षा. हा निकाल अपिलात कसा उलटला, हे तुला मुद्दाम सांगतो. न्यायाधीशांच्या मदतीला दोन असेसर, म्हणजे निवाड्यात सहभागी होणारे सहायक, बसवले होते. त्यांतील एका प्राध्यापकांनी पूर्वी याच फ्रंटच्या स्वाक्षरी मोहिमेत सही केली होती, एवढ्यावरून न्यायाधीशांनी त्यांना मध्येच बाजूला केले. ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयाने डिसेंबर १९८९ मध्ये ही कृती बेकायदा ठरवली आणि शिक्षा रद्द झाल्या. आरोप खरे की खोटे, या वादात न्यायालयाला शिरावेच लागले नाही. पद्धत चुकली म्हणून तीन वर्षांचे सारे काम वाहून गेले. ज्या माणसाला पद्धतीतील एका चुकीने तुरुंगाबाहेर काढले, त्याच माणसाने पुढे पद्धतीकडे पाहिजे तेवढे लक्ष दिले नाही, असे मला त्यांचे चरित्र वाचताना वारंवार वाटते.

आता दुसरा प्रसंग, जो तुझ्या अगदी जवळचा आहे. १९९४ च्या निवडणुकीत फ्री स्टेटच्या तीस जागांच्या विधिमंडळात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला चोवीस जागा मिळाल्या आणि लेकोटा प्रीमियर झाले. (जाता जाता: याच प्रांतात १८९१ च्या कायद्याने भारतीयांना स्थायिक होण्यास व व्यापार करण्यास बंदी होती आणि ती विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत टिकली. तेव्हा आपल्या लोकांच्या आठवणीतही हा प्रांत फारसा प्रेमाचा नाही.) जुने प्रांतिक प्रशासन, क्वाक्वाचे ‘होमलँड’ (वर्णभेदी सरकारने कृष्णवर्णीयांसाठी वेगळा काढलेला प्रदेश) आणि बोफुथात्स्वाना या दुसऱ्या होमलँडचा थाबा न्चू हा तुकडा, अशी तीन दप्तरे एकत्र शिवायची होती, आणि गोऱ्या शेतकऱ्यांनाही आपलेसे करायचे होते. हे दुसरे काम लेकोटांनी चांगले केले, असे त्यांचे विरोधकही मान्य करीत.

अडचण त्यांच्या स्वतःच्या घरात होती. शिक्षण, तुरुंगवास आणि नाताळ प्रांतातील चळवळ यांमुळे ते दीर्घकाळ प्रांताबाहेर राहिले होते. प्रांतातील संघटना बांधली होती ती पॅट माटोसा, एस मागाशुले अशा स्थानिक पुढाऱ्यांनी. मुख्यमंत्री असूनही प्रांतिक पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत लेकोटा माटोसांकडून हरले. तेथील निवडणूक पद्धतीत याचा अर्थ काय होतो, हे समजून घे. तेथे मतदारसंघ नसतो. पक्ष यादी देतो आणि मतांच्या प्रमाणात यादीतून माणसे निवडली जातात. तुझ्यामागे निदान तुझा गण आहे, तेथील मतदार तुला नावाने ओळखतात. प्रीमियरच्या पायाखाली मात्र पक्षाचीच जमीन असते आणि ती लेकोटांच्या पायाखाली नव्हती. तशा स्थितीत १९९६ मध्ये त्यांनी मागाशुले यांच्यावर त्यांच्या खात्यातील गैरव्यवहाराचा ठपका ठेवून त्यांना मंत्रिमंडळातून दूर केले. प्रांतिक पक्ष उसळला. भ्रष्टाचार झाला की नाही हा प्रश्न मागे पडून मुख्यमंत्री पक्षाला विचारतात की नाही, हाच चर्चेचा विषय झाला. अखेर राष्ट्रीय नेतृत्वाने भांडणारे दोन्ही गट बाजूला सारले आणि डिसेंबर १९९६ मध्ये लेकोटांच्या जागी आयव्ही मात्सेपे-कासाबुरी आल्या.

लेकोटांचा संशय निराधार होता असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. त्यांनी आधी माणूस काढला आणि मग पाठिंबा शोधला. मीही एकदा एका संस्थेच्या सभेत हिशेबाच्या चुकीवर असाच उभा राहून बोललो होतो. हातात कागद नव्हता, बाजूला माणूस नव्हता, आणि तासाभरात सभेने माझ्या उद्धटपणावर ठराव केला. हिशेब तसाच राहिला.

मुख्यमंत्रिपद गेले तरी लेकोटांचे राजकारण संपले नाही, याचेही मोल जाण. प्रांतांच्या प्रतिनिधींचे जे नवे वरिष्ठ सभागृह १९९७ मध्ये सुरू झाले, त्याचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्याच वर्षी माफिकेंगच्या अधिवेशनात, वरिष्ठांची पसंती स्टीव्ह त्श्वेटे यांना असताना, प्रतिनिधींनी लेकोटांना पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष निवडले. ज्या माणसाला प्रांताने नाकारले त्याला देशभरातील कार्यकर्त्यांनी उचलून धरले, यात १९९६ चे ते धाडस कारणीभूत नसेल असे मला वाटत नाही. पुढे १९९९ ते २००८ ते संरक्षणमंत्री होते. मात्र स्वच्छतेचा आग्रह धरणाऱ्याचे कपडे लोक भिंगाखाली पाहतात. आपले काही व्यावसायिक हितसंबंध जाहीर न केल्याबद्दल २००३ मध्ये संसदेने त्यांच्यावर ठपका ठेवला. तूही दुसऱ्याची बिले मागण्याआधी तुझ्या घरच्या कोणाचे कंत्राट कोठे आहे का, हे नीट पाहून घे.

तिसरा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण त्यातून शिकण्यासारखे थोडे आणि हळहळण्यासारखे जास्त आहे. सप्टेंबर २००८ मध्ये पक्षाने थाबो म्बेकींना राष्ट्राध्यक्षपदावरून पायउतार व्हायला लावले. लेकोटांनी मंत्रिपद सोडले आणि पत्रकारांसमोर पक्षाला जणू घटस्फोटाची नोटीस दिली. गाउटेंग प्रांताचे माजी प्रीमियर म्भाझिमा शिलोवा यांच्यासह त्यांनी ‘काँग्रेस ऑफ द पीपल’ काढली. तिची स्थापना परिषद डिसेंबरमध्ये भरली ती ब्लूमफाँटेनला, जेथे १९१२ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेस जन्मली होती. चार महिन्यांच्या त्या पक्षाने २००९ मध्ये ७.४२ टक्के मते आणि चारशेपैकी तीस जागा घेतल्या. मग दोघे नेते एकमेकांशी भांडत बसले. २०१० मधील एक अधिवेशन हाणामारीत उधळले आणि नेतृत्वाचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात लोंबकळला. २०१४ मध्ये तीन जागा, २०१९ मध्ये दोन, २०२४ मध्ये एकही नाही. रॉबेन बेटावर डोक्यातला घाव विसरणारा माणूस स्वतःच्या पक्षात सहकाऱ्याशी जुळवून घेऊ शकला नाही. वेगळी चूल मांडण्याचा विचार तुझ्या पत्रात ओझरता आला आहे, म्हणून हे लिहिले. चूल मांडणे सोपे असते. रोज तिच्यासमोर एकत्र बसणे अवघड असते.

आणि मागाशुले? तेच २००९ पासून २०१८ पर्यंत फ्री स्टेटचे प्रीमियर होते आणि त्यानंतर पक्षाचे सरचिटणीस. त्यांच्या कारकिर्दीत घरांची ॲस्बेस्टॉसची छपरे तपासण्याचे व काढण्याचे २५५ दशलक्ष रँडचे कंत्राट दिले गेले. त्याप्रकरणी २०२० मध्ये त्यांच्यावर आरोप ठेवले गेले, जे ते नाकारतात. पक्षाने त्यांना २०२३ मध्ये काढले, लेकोटांनी मंत्रिमंडळातून काढल्यानंतर सत्तावीस वर्षांनी.

सत्तावीस वर्षे तुला थांबायला सांगत नाही. येत्या मासिक सभेत मात्र बोलू नकोस. आधी कामाची मोजमाप पुस्तिका, मंजूर अंदाजपत्रक आणि दिलेली बिले यांच्या प्रती माहिती अधिकारात माग. अर्ज स्वतःच्या नावाने कर आणि पोच घ्यायला विसरू नकोस. प्रती हातात आल्यावर त्या गावच्या दोन-तीन ग्रामपंचायत सदस्यांना सोबत घेऊन पाइप खरोखर किती टाकला आहे ते पाहून ये. त्यानंतर तुझ्या पक्षाच्या जिल्हाध्यक्षांना भेट, एकटी नव्हे, आणि ते काय म्हणाले हे त्याच रात्री तारीख घालून लिहून ठेव. त्यांनी काही केले नाही तर सभेत लेखी प्रश्न दे. तोवर तुझ्या शेजारी बसणारे कोणीतरी असेल. आकडे जुळले आणि तुझा संशय चुकीचा निघाला, तर त्या सदस्याच्या घरी जाऊन चहा पिऊन ये.

पुस्तिकेची प्रत मिळाली की मला पाठव. माझी नजर आता अधू झाली आहे, पण बेरीज अजून चुकत नाही.

कळावे.