क्रॉस-कंट्री स्कीला वॅक्स करायला कोणती हत्यारं लागतात? ओस्लोत पहिलाच हिवाळा आहे. दुकानातलं पूर्ण किट घेऊ की सुटं सुटं, आणि घरची इस्त्री चालेल का?

किट घेऊ नका. इस्त्रीचं खाली सांगतो, आधी स्क्रेपरचं, म्हणजे जास्तीचं वॅक्स तासून काढायच्या पट्टीचं, बोलू द्या, कारण या एका वस्तूवरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

स्क्रेपर प्लेक्सीचाच घ्या, म्हणजे ती पारदर्शक पट्टी, चार-पाच मिलीमीटर जाडीची, पातळ घेतली तर दाबल्यावर वाकते आणि सगळीकडे सारखी लागत नाही. दुकानात शेजारीच चकचकीत स्टीलचा टांगलेला असतो, हातात घेतला की वजनदार वाटतो, आणि आमच्या साडूंसारखी माणसं नेमकी तिथेच फसतात. साडू मेकॅनिकलवाले, उमेदीची वर्षं लेथवर गेलेली, त्यांच्या मते प्लास्टिकने काही तासायचं म्हणजे पोरखेळ. त्यांनी बिर्केबाइनर या स्की शर्यतीला नाव दिलं होतं (रेना ते लिलेहामर ५४ किलोमीटर, आणि पाठीवर साडेतीन किलोची सॅक, कारण १२०६ साली बाळराजाला असंच स्कीवरून डोंगरापलीकडे पळवून नेलं होतं) आणि त्या तयारीच्या नावाखाली आम्ही दोन्ही कुटुंबं शूशोएनला एका हिट्टेवर, म्हणजे डोंगरातल्या लाकडी घरात, गेलो होतो.

रात्री जेवणं झाल्यावर साडूंनी पेटी उघडली. पेटी म्हणजे तेच किट जे तुम्ही घ्यायचं म्हणताय, त्यात ड्रिलला लावायचा फिरता ब्रशसुद्धा होता, ड्रिल मात्र घरी. स्की उलटी ठेवली आणि स्टीलचा स्क्रेपर दोन्ही हातांनी दाबून ओढायला लागले. आधी पांढरट पापुद्रे निघाले, तिथपर्यंत ठीक. मग बारीक काळं काहीतरी यायला लागलं. आता वॅक्स निघतं ते पांढरं किंवा त्या वॅक्सच्या रंगाचं निघतं आणि चिमटीत धरलं की मऊ लागतं. हे काळं नायलॉनच्या दोऱ्यासारखं ताठ होतं, चिमटीत चुरतच नव्हतं. म्हटलं, अहो, हा बेस, म्हणजे स्कीचा तळच, निघतोय. तर म्हणाले, "घाण आहे ती, निघू दे. तुला काय कळतंय, तू आत्ता कुठे पडायचा थांबलायस." बायकोने मला डोळ्यांनीच गप्प केलं, मेव्हणी चहा ठेवते म्हणून उठली.

सकाळी उजेडात धरून बघितली तर पुढचा भाग राखाडी पडलेला, हात फिरवला की खरखरीत. ट्रॅकवर उतार लागला की मी नुसता उभा राहायचो आणि त्यांच्या पुढे निघून जायचो, आणि माझ्या स्कीज त्यांच्यापेक्षा कितीतरी जुन्या. परतताना लिलेहामरच्या एका दुकानात दाखवली, त्या माणसाने बोटाने चाचपून स्टोन ग्राइंडिंग, म्हणजे मशीनच्या दगडावर तळ घासून सपाट, करावं लागेल असं सांगितलं. साडूंचं म्हणणं आजही हेच की तो धंद्यासाठी बोलला. बिर्केबाइनर त्यांनी पूर्ण केली, मानलं पाहिजे, पण ती ग्राइंडिंग करून घेतल्यावर, हा भाग दिवाळीच्या फराळाला गोष्ट सांगताना बरोबर गळतो.

असो. प्लेक्सी बोथट झाली की वॅक्स काढत नाही, नुसती फासते, आणि बहुतेक लोक तिथे जोर वाढवतात. जोर नको, धार हवी. सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर लावून पट्टी काटकोनात उभी धरून घासा. कड नखावर हलकी ओढून बघा, पांढरी पूड निघाली की झालं. आणि मधली खाच आधी साफ करा, तिला गोल टोकाची वेगळी काडी मिळते, नंतर केलीत तर हात निसटून साफ केलेल्या बेसवर ओरखडा पडतो.

तुम्ही क्लासिक, म्हणजे चालल्यासारखं सरळ पाय टाकत जायची पद्धत, शिकत असणार असं धरतो. मग रोजच्या वापरातलं खरं हत्यार कॉर्क, वॅक्स घासून पसरवायचा ठोकळा. सिंथेटिक घ्या, टिकतो आणि घासताना चांगला तापतो. उणे एक ते उणे सातपर्यंत नव्या बर्फाला किक वॅक्सची (पाय मागे रेटताना पकड देणाऱ्या वॅक्सची) ती निळी एक्स्ट्रा कांडी, ओस्लोलगतच्या नूर्डमार्काच्या जंगलात अर्धा हिवाळा तिच्यावर निघतो. ती फक्त किक झोनमध्ये, म्हणजे पायाखालच्या मधल्या भागात, स्की कोरडी असताना, घरात लावायची. एक पातळ थर, कॉर्कने घासून सपाट, मग दुसरा, असे तीन-चार. एकच जाड थर थापलात की बर्फ चिकटून पायाखाली गोळे होतात आणि लोक शिव्या वॅक्सला घालतात. मग स्की बाहेर गार होऊ द्या, गरम घेऊन निघू नका. किक झोन कुठून कुठे ते दुकानातून वजनावर बघून खुणा करून घ्या, अंदाजाने ठरवू नका.

इस्त्री. घरची नको. तिचं तापमान खालीवर होत राहतं, पत्रा पातळ, वाफेच्या भोकांत वॅक्स जातं ते वेगळंच, आणि नंतर शर्टाला लागलं की घरात बोलणी. वॅक्सच्या वेष्टनावर तापमान छापलेलं असतं तेवढंच ठेवा, धूर निघाला म्हणजे जास्त झालं, आणि इस्त्री एका जागी थांबवायची नाही, टोकाकडून शेपटीकडे सरकत राहायचं. पण पहिल्या हिवाळ्यात इस्त्री घ्यायचीच कशाला? क्लासिकला ग्लाइड वॅक्स (घसरायला मदत करणारं, इस्त्रीने लावायचं) फक्त पुढे-मागे लागतं, कोणाची तरी वॅक्सची इस्त्री मागून आणा. थंड झाल्यावर स्क्रेप, मग नायलॉनचा ब्रश, बस्स.

आता जरा इकडचं तिकडचं. तुमच्या स्कीजना खाली केसाळ पट्टी असेल, म्हणजे फेल्लेस्की, तर कॉर्क आणि निळी कांडी विसरा, वरचं निम्मं उत्तर तुम्हाला लागूच नाही, आधी विचारायला हवं होतं. ग्राफाइटवालं वॅक्स मुळातच काळं असतं, ते काळं निघालं म्हणून घाबरू नका (साडूंचं तसलं नव्हतं). स्टीलचा स्क्रेपर अगदीच निरुपयोगी नाही, किक झोनमधलं जुनं चिकट वॅक्स खरवडायला मीही वापरतो, हलक्या हाताने. आणि सेकंडहँड पेटी मिळाली तर आतल्या कांड्यांवर फ्लोर (म्हणजे फ्लोरीनयुक्त वॅक्स) लिहिलंय का बघा. स्पर्धांमध्ये २०२३-२४च्या मोसमापासून त्यावर पूर्ण बंदी आहे, आणि ते इस्त्रीवर तापवलं की त्याचा धूर छातीला वाईट, बंद खोलीत तर अजिबात नको. महानगरपालिकेच्या घातक कचऱ्यात देऊन टाका.