डीव्हीआर, म्हणजे टीव्हीचे कार्यक्रम डिस्कवर रेकॉर्ड करणारा बॉक्स, बनवणाऱ्या कंपनीने स्पर्धेत टिकायचं तर हार्ड डिस्क वाढवावी, किंमत पाडावी की पेटंटवर भर द्यावा?

हाच प्रश्न आमच्या मीटिंगमध्ये निघाला होता आणि माझं म्हणणं कोणी ऐकून घेतलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

टीव्हीचे रेकॉर्डर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी फर्मवेअर लिहायचो. विक्रीप्रमुखांचा एकच धोशा होता: समोरच्याच्या दुप्पट तास आपल्या बॉक्समध्ये मावले पाहिजेत. मी म्हणायचो, तो पैसा प्रोग्राम गाइडवर, म्हणजे कोणता कार्यक्रम कधी लागणार त्या यादीवर घाला. आमचं गाइड बाहेरून घेतलेलं, दिवसातून एकदाच ताजं व्हायचं. एकदा अंतिम सामना पावसामुळे लांबला आणि बॉक्सने ठरलेल्या वेळेला रेकॉर्डिंग बंद केलं. दुसऱ्या दिवशी माणसं कमी पडली म्हणून तक्रारींचे फोन मीही घेतले. एक गृहस्थ तर चिडलेही नाहीत. निकाल कानावर पडू नये म्हणून दिवसभर त्यांनी लोकांशी बोलणं टाळलं होतं, रात्री पाहायला बसले, तर शेवटची अकरा मिनिटंच नाहीत. "मग मी हे घेतलं कशाला?" एवढंच विचारलं त्यांनी. त्यांच्या बॉक्सचा लॉग काढला. डिस्क निम्म्याहून जास्त रिकामी होती. तो लॉग छापून मीटिंगला नेला, तर "हा अपवाद आहे" म्हणून बाजूला सारला. पुढच्या मॉडेलला डिस्क दुप्पट झाली, गाइड तेच राहिलं.

तेव्हा डिस्कचा नाद सोडा. ती कोणीही विकत आणून बसवतो. किंमत पाडूनही उपयोग नाही, कारण केबल किंवा डिशचा ऑपरेटर बॉक्स महिन्याच्या बिलात भाड्याने देतो. अमेरिकेत टिवो आणि रीप्लेटीव्ही हे दोन डीव्हीआर 1999 मध्ये बाजारात आले. टिवोच्या 'सीझन पास'ला मालिकेचं नाव एकदा सांगितलं की वेळ बदलली तरी तो भाग पकडायचा. लोक जीव टाकायचे ते यावर. रीप्लेटीव्हीने जाहिराती आपोआप गाळायची सोय दिली, तर 2001 मध्ये वाहिन्यांनी कोर्टात खेचलं आणि 2003 मध्ये तिची मालक कंपनी सॉनिकब्लू दिवाळखोरीत गेली.

पेटंटचं म्हणाल, तर टिवोने 2004 मध्ये एकोस्टार या डिश टीव्ही कंपनीवर पेटंटचा दावा लावला आणि तडजोडीचे 50 कोटी डॉलर ठरले ते 2011 मध्ये. सात वर्षं वकील पोसायची ऐपत असेल तरच त्या वाटेला जा. ऑपरेटरच्या बॉक्समध्ये जरूर शिरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. टिवोमुळे डायरेक्टीव्ही या डिश टीव्ही कंपनीला डीव्हीआरचे ग्राहक मिळाले, पुढे त्यांनी दुसऱ्याकडून स्वतःचा डीव्हीआर करून घेतला.

हे सगळं घरातल्या टीव्हीच्या रेकॉर्डरबद्दल. तुमचा प्रश्न सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा असेल तर गणित वेगळं, तिथे डिस्कच्या तासांना खरंच किंमत आहे. शिवाय केबलव्हिजन या केबल कंपनीच्या बाजूने लागलेल्या 2008 च्या कोर्ट निकालानंतर अमेरिकेत ऑपरेटरला रेकॉर्डिंग स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची वाट मोकळी झाली, तेव्हा नुसत्या बॉक्सच्या धंद्यात नव्याने पडू नका असंच सांगेन.

आणि तो अपवाद नव्हता. गाइडमध्ये थेट प्रक्षेपणावर खूण असायचीच. ती दिसली की पुढे तासभर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, एवढा बदल मी दोन दिवसांत लिहून दिला होता. मी नोकरी सोडेपर्यंत तो एकाही बॉक्समध्ये गेला नाही.