मी इचलकरंजीचा, नोकरी बेळगावात. तीस हजारांत जुनी बाईक घ्यायची तर एमएच पासिंगची घ्यावी की केए?

तुमचा प्रश्न असा आहे: उद्यमबागेत नोकरी लागलीय, दोन-तीन वर्षं तरी मुक्काम आहे, आधार इचलकरंजीच्या पत्त्याचं आहे. गावाकडचा एक ऑटो कन्सल्टंट एमएच-०९ ची स्प्लेंडर बावीस हजारांत देतो म्हणतोय. बेळगावात तशीच गाडी तीसच्या खाली कोणी बोलत नाही. घेऊ का?

नका घेऊ. निदान त्या आठ हजारांसाठी तरी नका. त्याच आठ हजारांसाठी मी एकदा फसलोय, म्हणून सांगतोय.

मी बेळगावातल्या शहापूरचा, जन्म इथलाच. गडहिंग्लज-चंदगड बाजू आम्हाला परकी कधी वाटलीच नाही, निम्मे पाहुणे तिकडचे. २०१७ साली तिकडच्याच एका कन्सल्टंटकडून २०११ ची स्प्लेंडर चोवीस हजारांत घेतली. बेळगावात तिला बत्तीस मागत होते. आर.सी., विमा आणि आधीच्या मालकाच्या सह्या असलेले कोरे टीटी (गाडी नावावर करायचे) फॉर्म हातात दिले आणि म्हणाला, "कागद क्लिअर हाईत, नावावर कधीबी करून घ्या." त्या 'कधीबी'त आठ महिने गेले.

गाडी महाराष्ट्रातच राहणार असती तर फॉर्म २९ आणि ३० वर काम भागलं असतं. पण गाडी कर्नाटकात यायची म्हटल्यावर आधी तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, तिचा फॉर्म २८. मग इकडे नवीन नंबरासाठी फॉर्म २७, नावासाठी फॉर्म ३०, आणि वर कर्नाटकाचा टॅक्स. एनओसीला गेलो तर आर.सी.वर एचपी चढलेली! म्हणजे फायनान्सचा बोजा. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण फॉर्म ३५ भरून बोजा उतरवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. फायनान्सवाले तो फॉर्म देणार ज्याच्या नावावर कर्ज होतं त्याला. तो शेतकरी. त्यानं गाडी दुसऱ्याला विकलेली, दुसऱ्यानं कन्सल्टंटला, कन्सल्टंटनं मला, आणि आरटीओत मालक अजून तोच. मी गेलो तेव्हा उसाची तोड चालू होती. "ऊस जाऊ दे, मग बघू." चार फेऱ्या मारल्या. माणूस मोठा सज्जन, शेवटी स्वतः माझ्याबरोबर कोल्हापूरला आला, एक पैसा मागितला नाही, उलट जेवायला घातलं. पण तो वारला असता किंवा पुण्याला निघून गेला असता तर माझ्या दारात गाडी नव्हे, भंगार उभं राहिलं असतं. फेऱ्या, खाडे, एजंट, टॅक्स सगळं धरून ती गाडी मला बत्तीसच्या वरच पडली.

त्याच सुमारास आमच्या वरच्या खोलीत मलेशियाचा एक मुलगा भाड्यानं राहत होता. मेडिकलला तिकडची बरीच मुलं बेळगावात येतात. त्यानं टिळकवाडीतून जुनी केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंगची, स्कूटर घेतली. पासपोर्ट, व्हिसा, परदेशी नागरिक म्हणून केलेली नोंदणी, कॉलेजचं पत्र, आमच्या घराचा भाडेकरार, सगळं एका फाइलीत लावून गेला आणि महिन्याभरात स्कूटर नावावर. परदेशी माणसाची गाडी झाली आणि मी, इथल्या मातीतला, गडहिंग्लजच्या फेऱ्या मारतोय. घरी अजून मला यावरून बोलून घेतात. कारण सरळ आहे. त्याची गाडी आणि तिचा मालक दोन्ही याच आरटीओतले होते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, आरटीओच्या हिशेबात मात्र हद्द कधीच ठरलेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, नंबर कशाला बदलायचा, एमएचचीच ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नवीन नंबर घ्यावा लागतो. मध्यंतरी कर्नाटकानं तीस दिवसांवर गाडी राहिली की आजीवन टॅक्स घ्यायचा नियम काढला होता, हायकोर्टानं २०१६ मध्ये तो रद्द ठरवला. अजूनही कुणी चौकात 'तीस दिवस झाले' म्हणून दम दिला तर एवढं माहीत असावं. पण तुम्ही दोन-तीन वर्षं राहणार, म्हणजे बारा महिन्यांची सवलत तुम्हाला पुरत नाही. आणि कर्नाटकाचा टॅक्स जड आहे. नवीन बाईकची किंमत लाखाच्या वर गेली की अठरा टक्के. जुन्या गाडीला वय बघून तो कमी होत जातो हे खरं, पण हिशोब तुम्ही दिलेल्या बावीस हजारांवर होत नाही, गाडीच्या मूळ किमतीवर होतो. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो मागायला पुन्हा तिकडच्या आरटीओच्या पायऱ्या. कन्सल्टंट स्वस्त देतो त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. पुढची सगळी उस्तवार तो तुमच्या गळ्यात घालतो आणि तेवढे पैसे कमी सांगतो.

एका बाबतीत एमएच चालेल. घरातलीच गाडी असेल, वडिलांची किंवा भावाची, किंवा इचलकरंजीच्या पत्त्यावर रीतसर तुमच्या नावावर झालेली असेल, तर आणा. वर्षभरात नोकरीचं काय ते कळेल, मग ठरवा. लायसन्सची चिंता नको, महाराष्ट्राचं लायसन्स देशभर चालतं.

एमएच नंबरला इथं त्रास होतो का, असंही बरेच जण विचारतात. रोजच्याला नाही. अर्ध्या बेळगावचे पाहुणे कोल्हापूरचे, नंबर कोण बघत बसलंय. पण डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती, हेही खरं. तसं वातावरण तापलं की किंवा एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, गाडी घरात ठेवायची आणि चालत जायचं, एवढं आम्हाला लहानपणापासून अंगवळणी पडलंय.

मग घ्यायची कुठली? केए. आणि फक्त बेळगाव शहरात बघू नका, शहरात भाव चढेच असतात. निपाणी बघा, चिकोडी बघा. केए-२३ म्हणजे चिकोडीचं पासिंग, राज्य तेच, त्यामुळं टॅक्स पुन्हा भरायचा नाही आणि नवीन नंबरही नाही. विकणारा निम्म्या वेळा मराठीच बोलणारा भेटेल, आणि इचलकरंजीला जाता-येता निपाणी वाटेवरच. तुमच्या तीस हजारांत तिथं बरी गाडी मिळायला हरकत नाही. हुबळी-धारवाडची केए-२५ ही चालेल, फक्त तिकडं कन्नड येणारा एखादा मित्र बरोबर असू द्या.

खरी अडचण पत्त्याची येईल. आरटीओला तुमचा बेळगावचा पत्ता हवा. खोलीचा भाडेकरार साध्या कागदावर नको, ई-स्टॅम्पवर करून घ्या, कंपनीचं पत्र घ्या, आणि जमत असेल तर आधारवरचा पत्ताच बदलून टाका. घरमालक करार करायला कां-कूं करतात, ते खोली घेतानाच बोलून ठेवा, राहायला गेल्यावर कोण ऐकत नाही. फॉर्म कन्नड-इंग्रजीत असतात, घाबरू नका. आरटीओ सर्कलजवळ भरून देणारे बसलेलेच आहेत. दुचाकी नावावर करायची सरकारी फी शेकड्यांत असते, एजंट हजारांत सांगतो. माझं मत, एकदा तरी स्वतः जाऊन बघा, मग हवा तर एजंट लावा.

गाडी बघायला जायच्या आधी परिवहनच्या ॲपवर नंबर टाका. मालकाचं नाव (अर्धी अक्षरं झाकलेलं), एचपी, विमा, नोंदणी कधी संपते, सगळं दिसतं. चलनंही तिथंच बघा, थकलेला दंड गाडीबरोबर तुमच्याकडं येतो. पंधरा वर्षं पुरी होत आलेली गाडी स्वस्त मिळते, पण नोंदणी वाढवायची नुसती फीच दुचाकीला एक हजार, वर तपासणी. अशी गाडी मी तरी घेत नाही. एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलीय का तेही बघा. इकडं हौसेनं कन्नड आकड्यांच्या, कुणी मराठी आकड्यांच्या प्लेटा लावायचे. दोन्ही नियमाबाहेरच्या.

गोव्याच्या स्वस्त स्कूटरी चोर्ला घाटातून इकडं येतात, त्यांच्यापासून लांब राहा. खाऱ्या हवेनं खालून पत्रा खाल्लेला असतो, आणि काही तर पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या असतात. काळी पाटी, पिवळी अक्षरं. रंग मारून, पाटी बदलून आणतात. कागदावर ती भाड्याची गाडी खासगी झालीय की नाही हे बघितल्याशिवाय हात लावू नका. राज्य वेगळं, म्हणजे टॅक्सही पुन्हा भरणं आलंच.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, आणि फोनवर सांगून ठेवा, मी येईपर्यंत चालू करू नका. गरम इंजिन कुठलंही पहिल्या किकला उठतं, थंड गाडी कशी उठते ते बघायचं असतं. निळसर धूर मारत असेल तर ऑइल जळतंय, पिस्टन-रिंगचं काम निघणार, तेवढे पैसे भावातून कापा. हँडल सोडून बघा एका बाजूला ओढतं का. चेसिस नंबर आर.सी.शी जुळवा, पेन्सिल घासून ठसा घेतला की खाडाखोड असेल तर लगेच कळते. उद्यमबागेत तुमच्या कारखान्यातला एखादा मिस्त्री बरोबर घेतलात, चहा पाजलात, तर माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा तो जास्त बरोबर सांगेल.

आणि ज्याचं नाव आर.सी.वर आहे त्याच माणसाकडून घ्या. तो समोर पाहिजे, आधारसकट. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या चालवून घेऊ नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे त्याला मालक धरायचं, विकली होती हे सांगून सुटका नाही. म्हणून शहाणा विकणाराही आता नाव बदलायची घाई करतो, त्याला हे सांगितलंत तर तो स्वतः तुमच्याबरोबर आरटीओत येईल. तुमच्या बाजूनं बघाल तर थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या मालकाच्या नावावर तुम्हाला मिळणार नाही. खरेदीनंतर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवायचं, आणि तीस दिवसांत आरटीओत अर्ज.

पैशाचं असं करा. इसार एक हजार, बाकीतले पाच हजार राखून, आणि ते पाच ॲपवर तुमचं नाव दिसलं की द्यायचे. विकणाऱ्याला हे आधीच सांगा. नाही म्हणाला तर त्या गाडीत काहीतरी आहे असं समजून पुढची बघा. निपाणीत काही मिळालं की किंमत आणि मॉडेल इथं लिहा, भाव रास्त आहे का सांगतो.