पत्रा आधी, इंजिन मागाहून
वाचकांचे प्रश्न : जुन्या गाड्या

प्रश्न : नव्या छोट्या गाडीसाठी पैसे साठवले होते, पण मन प्रीमियर पद्मिनीवर अडलंय. दोन पाहिल्या. एक मुंबईची, रंग नवाकोरा, पहिल्या सेल्फला चालू होते. दुसरी सोलापूरकडची, रंग उडालेला, इंजिन निळा धूर ओकतं. किंमत जवळपास सारखीच. गॅरेजवाला म्हणतो, मुंबईचीच घ्या. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मुंबईच्या गाडीला लगेच बयाणा देऊ नका. धूर ओकणाऱ्या इंजिनाचा खर्च आधी काढता येतो, नव्या रंगाखालच्या पत्र्याचा येत नाही. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे : बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, चार सिलिंडर. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग ही कामं तुमच्या जवळच, कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगला लेथवाला गाठून होऊन जातात. पत्र्याचं तसं नाही. या गाडीला वेगळी चासी नसते. तळ, खांब आणि दारांखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेट्या मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्या पेट्या कुजल्या की गाडी मधोमध खचते, आणि वरून कितीही रंग मारला तरी ती सरळ होत नाही.

बघायला जाताना फ्रिजवर लावायचं एक चुंबक, जुना मऊ रुमाल, टॉर्च आणि पेचकस न्या. चुंबक रुमालात गुंडाळून चाकांच्या कमानी, दारांचा खालचा चार बोटं पट्टा, पुढच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे आणि त्या पेट्यांवरून सरकवा. चांगल्या पत्र्याला ते घट्ट धरतं. मध्येच घसरलं तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. बोटाच्या पेराने वाजवून पाहा : पत्रा टणकन बोलतो, लांबी मुकी असते. मग पायाखालचं रबर आणि त्याखालचा नमदा (जाड लोकरी थर) उचला. पावसाचं पाणी दारातून आत येतं, नमदा ते पिऊन बसतो आणि तळ आतून सडतो, म्हणून खालून नुसता काळा रंग दिसला तर समाधान मानू नका. पेचकसाच्या मुठीने ठोका, संशय आला तर टोकाने दाबा. मालकाला आधी सांगा, म्हणजे वाद नको. बॅटरीचा ट्रे, डिकीतली स्टेपनीची जागा आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला अडकतात ते कान ही आणखी तीन ठिकाणं. पाट्याचे कान गेलेले असतील तर गाडी सोडून द्या.

शेवटची परीक्षा दाराची. ड्रायव्हरचं दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला. खडखड हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे, किरकोळ काम. दार हलत नाही, पण लावताना कुलपापाशी खाली बसतं, तर बॉडी खचली आहे. खात्री करायची तर गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि त्याच बाजूचं दार उघडून लावा. अडकलं किंवा वरची फट एकीकडे बारीक झाली की पेट्यांत दम उरलेला नाही.

मुंबईची म्हणजे वाईटच असं नाही, पण समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस आणि उघड्यावर उभं राहणं हे तिन्ही एकत्र आलं की पत्रा टिकत नाही. सोलापूरकडचं कोरडं ऊन रंग आणि रबर खातं, लोखंड बहुधा सोडून देतं.

धूर ओकणाऱ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. चारही आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत हवेत. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुतेक हेड गॅस्केट मधोमध फुटलं आहे.

आणि तळाचं काम करून घ्यायचंच ठरलं तर एक अट घाला : कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवायचा नाही, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल ठोकून घ्यायचा, नाहीतर बॉडी कापताकापताच वाकते. वेल्डिंग एका दमात न ओढता एकदा इकडे, एकदा तिकडे असे लहान टाके मारत जायचं. काम झाल्यावर पेट्यांत आतून मेण फवारून घ्या. गॅरेजात जळकं इंजिन ऑइल मारायची पद्धत आहे. ते मारू देऊ नका, त्यातली आम्लं लोखंडालाच लागतात.

रबराचे भाग मात्र दिसतील तेव्हा घेऊन ठेवा. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. कुर्ल्यातल्या आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानांत या गाडीचा माल टॅक्सीवाल्यांच्या जिवावर खपत होता, ते गिऱ्हाईकच आता उरलं नाही.

प्रश्न : पंपावर आता सगळीकडे ई-२० पेट्रोल मिळतं. माझी अँबेसिडर १४८९ सीसीची, कार्बुरेटरवाली. काय काय बदलावं लागेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्याच्या तीन वेगळ्या भानगडी आहेत, त्या वेगळ्याच ठेवा.

पहिली रबराची. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, मग ते चिरतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, सगळे रबरी पाइप, कार्बुरेटरची सुई आणि गॅस्केट बदलून घ्या. पाइप मीटरवर मिळणारा साधा घेऊ नका. इंजेक्शनच्या गाड्यांचा, ज्यावर एसएई ३० आर ९ छापलेलं असतं, तो घ्या. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे, म्हणून हे काम पहिलं.

दुसरी मिश्रणाची. शुद्ध पेट्रोल जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. ई-२० साठी हिशेब १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे जुन्याच जेटवर (कार्बुरेटरमधला, ज्याच्या बारीक छिद्रातून पेट्रोल येतं तो तुकडा) गाडी जवळपास आठ टक्के हलक्या, म्हणजे पेट्रोल कमी पडणाऱ्या, मिश्रणावर चालते : थंड असताना आचके देते, चढावर दम सोडते, जास्त तापते. सोलेक्स कार्बुरेटर असेल तर जेटवर कोरलेला आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा तुमचा १२० आहे. १२५ घातला तर छिद्राचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे नेमकं पाहिजे तेवढं. जेट तारेने किंवा ड्रिलने मोठा करू नका, तो गोल राहत नाही. एसयू जातीचा कार्बुरेटर असेल तर खालचा जेटचा नट एकेक पैलू खाली फिरवत जा आणि दर वेळी दहा किलोमीटर चालवून प्लगचा रंग बघा. फिकट तपकिरी हवा. पांढरा असेल तर अजून हलकं, काजळी असेल तर जास्त झालं. ॲव्हरेज थोडं पडणारच, त्यावर इलाज नाही.

तिसरी पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, प्रमाणाबाहेर झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि पेट्रोल तळातूनच ओढलं जातं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत हवाच कमी राहील. ई-२० सुरू केल्यावर जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो, म्हणून पहिला फिल्टर पाचशे किलोमीटरवर बदला. आणि महाग प्रीमियम पेट्रोल म्हणजे इथेनॉल नाही, असं धरून चालू नका.

प्रश्न : पद्मिनी घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये गरम झाली की बंद पडते. वीस मिनिटांनी आपोआप चालू होते. एक मिस्त्री इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतो, दुसरा कॉइल बदलतो. कोण बरोबर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोघेही बरोबर असू शकतात. म्हणूनच अंदाजाने भाग बदलायचे नाहीत, गाडी बंद पडल्या पडल्या दोन गोष्टी बघायच्या. थंड झाल्यावर पुरावा उरत नाही.

बॉनेट उघडा, एअर फिल्टर काढा, इंजिन बंदच असू द्या. कार्बुरेटरच्या घशात टॉर्च मारून हाताने ॲक्सिलरेटरचा दांडा झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. दिसली नाही तर पेट्रोल पोचत नाही, म्हणजे पंप किंवा पाइप तापून आत वाफ झाली आहे. ओलं फडकं त्यावर तात्पुरतं चालतं. खरा उपाय म्हणजे पाइप सायलेन्सरच्या नळ्यांपासून लांबून नेणं, कार्बुरेटरच्या खाली जाड बेकलाइटची पट्टी आहे ना ते बघणं (कोणीतरी काढून नुसतं गॅस्केट घातलेलं सर्रास सापडतं), आणि पंप व एक्झॉस्टच्या मध्ये पत्र्याचा आडोसा लावणं.

धार व्यवस्थित येत असेल तर करंट बघा. एक जादा प्लग वायरला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवा आणि सेल्फ मारा. ठिणगी निळी, कडकडीत असेल तर दोष दुसरीकडे. पिवळी, मेलेली किंवा नाहीच, तर आधी कंडेन्सर बदला, कॉइल मागाहून. कंडेन्सर काही रुपयांचा असतो आणि गरम झाल्यावर आत शॉर्ट होणं ही त्याची जुनी खोड आहे. डेल्कोचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण उघडून पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, बघा. ते काळेनिळे जळलेले किंवा एकीकडे खड्डा, दुसरीकडे टेकाड झालेले असतील तर कंडेन्सरवरचा संशय पक्का. पॉइंटची फट ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर, फीलर गेजने, पॉइंटची टाच आतल्या फिरत्या कॅमच्या उंचवट्यावर असताना. टाचेला ग्रीसचा अगदी दाण्याएवढा ठिपका लावा. तो नसला की टाच झिजते, फट कमी होते, टायमिंग मागे पडतं आणि इंजिन आणखी तापतं. घाटातल्या निम्म्या तक्रारी त्या दाण्याएवढ्या ग्रीसच्या असतात.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालत असाल तर तेही थांबवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, नुसत्या पाण्याने त्याच्या आतल्या वाटा खाल्ल्या जातात. कूलंट घाला.

प्रश्न : आजोबांची १९६६ ची फियाट घरात आहे. ते वारले, गाडी अजून त्यांच्याच नावावर, नोंदणीची मुदतही संपली. व्हिंटेजचा 'व्हीए' नंबर घ्यावा का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पन्नास वर्षांहून जुनी आणि मुळाप्रमाणे राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. २०२१ च्या नियमांत नवीन नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत ठरली. पण ती गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही : प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, इतकंच. रविवारी पन्हाळ्याला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच करा. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तेव्हा नंबरासाठी 'व्हीए'च्या मागे लागू नका.

क्रम असा : आधी वारसाच्या नावावर करणं, फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मग नूतनीकरण, फॉर्म २५, गाडी प्रत्यक्ष दाखवून. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये लागतात. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर, पेट्रोल मोटारीला पाच वर्षांसाठी ३,००० रुपये. उशिराचं शुल्क महिन्याला ५०० रुपयांनी चढतं, म्हणून आरटीओतून एकूण आकडा आधी काढून घ्या. चासीवरचा नंबर आरसीशी जुळतो का ते घरीच घासून बघा. इंजिन मध्ये कधी बदललेलं असेल आणि आरसीवर जुनाच नंबर असेल तर तपासणीत अडतं. तेही आधी दुरुस्त करून घ्यावं लागतं.

प्रश्न : पद्मिनीला ५.२०-१४ चे टायर मिळत नाहीत. रेडियल चालतील? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : चालतील. १५५/८० आर १४ चा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच, साठ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. रिमची रुंदी मोजून दुकानदाराला सांगा, आणि आत ट्यूब घालाच. जुन्या रिमा ट्यूबलेससाठी केलेल्या नसतात. चारही एकदम बदला. ते जमत नसेल तर दोन रेडियल मागच्या चाकांना, एका ॲक्सलवर दोन जाती कधीच नकोत. बाजूवरचे चार आकडे बघून घ्या : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी इतका जुना माल घेऊ नका.

प्रश्न : नवी गाडी विकून पद्मिनीच रोज वापरली तर? ऑफिस अठरा किलोमीटर, निम्मा रस्ता हायवे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नवी विकू नका. पद्मिनी चालवण्यातली गंमत खरी आहे : स्टिअरिंगजवळचा हँडल गिअर, बॉनेटपलीकडे दिसणारे दोन्ही कोपरे, आणि बिघडली तर तुमच्याच हाताने उघडता येणारं सगळं. पण चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, एअरबॅग नाही, आणि हायवेवर पुढची नवी गाडी जितक्या अंतरात थांबते तितक्यात ती थांबत नाही. ओल्या ड्रमने तर अजिबात नाही. पाण्यातून निघाल्यावर शंभर पावलं ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायची.

मात्र गॅरेजात झाकूनही ठेवू नका. आठवड्यातून एकदा किमान पंधरा किलोमीटर, इंजिन पूर्ण गरम होईल इतकी चालवा. नुसती जागेवर दहा मिनिटं चालू ठेवली तर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून गंजतो. उभ्या गाडीत सगळ्यात आधी व्हील सिलिंडर जाम होतात, म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण काढून डॉट ३ जातीचं भरा. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात कधीही मिसळू नका. इंजिनात २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल घाला. पुढच्या किंग पिनच्या (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्यांच्या) निपलांतून ग्रीस गन मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर यायला हवं. येत नसेल तर निपल तुंबलं आहे, ते काढून डिझेलमध्ये धुवा आणि पुन्हा मारा.